बिनआमंत्रणाचं संमेलन

आपल्याकडे कुठल्याही कार्याची बातमी कानावर आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती पानं उठली? लग्न असो, मुंज असो, गावातली व्याख्यानमाला असो की साहित्य संमेलन. आकडा कळल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. मंडपवाला खुर्च्यांचा हिशेब देतो, आचारी पानांचा देतो आणि कार्यवाह दोन्हींत थोडी भर घालून तो वर्तमानपत्राकडे धाडतात. मी स्वतः तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पुष्कळशी कॅश काउंटरवर. रोकड जुळल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, ही सवय हाडीमासी खिळलेली. म्हणूनच ब्रसेल्सला भरणाऱ्या एका संमेलनाबद्दल सांगावंसं वाटतं. तिथे दर वर्षी हजारो माणसं जमतात आणि नेमकी किती जमली, हे भरवणाऱ्यांनासुद्धा ठाऊक नसतं.

या संमेलनाचं नाव 'फॉसडेम'. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींचा हा युरोपातला मेळावा. पहिला भरला २००१ च्या फेब्रुवारीत, तेव्हा नाव होतं 'ऑसडेम'. पुढे या चळवळीचे आद्य पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या आग्रहावरून नावात 'फ्री' या शब्दाचा 'फ' आला. फेब्रुवारीच्या आसपासचा एक शनिवार-रविवार धरून ब्रसेल्सच्या फ्रेंच मुक्त विद्यापीठाच्या आवारात हे संमेलन भरतं. २०२५ मध्ये त्याने पंचविसावी खेप पुरी केली.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे माझ्या मुलीने मला एकदा गावच्या विहिरीवरून समजावलं होतं. विहीर सार्वजनिक. पाणी कोणीही शेंदावं, पोहरा कसा बांधलाय तो बघावा, रहाट सुधारावासा वाटला तर सुधारावा. अट एवढीच, की तुम्ही केलेली सुधारणाही उद्या दुसऱ्याला वापरता आली पाहिजे. (सगळे परवाने ही अट इतकी कडक घालत नाहीत, अशी पुस्ती तिने लगेच जोडली. पोरगी काटेकोर आहे.) हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेलं 'लिनक्स' हे असंच सार्वजनिक काम. आज इंटरनेटवरची बहुतेक मोठी यंत्रं त्याच्यावर चालतात, आणि तुमच्या-माझ्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. मी तेव्हा तिला एकच प्रश्न विचारला होता, "अगं, पाणी सगळे भरतात, हे कळलं. पण दर उन्हाळ्यात विहिरीतला गाळ कोण काढतो?"

ती हसली होती. कारण गाळ काढणाऱ्यांपैकी ती एक होती.

ती बेल्जियममध्ये घेंट नावाच्या गावी राहते. नोकरी वेगळी आणि रात्रीचा हा उद्योग वेगळा. तिचा प्रोग्रॅम अगदी छोटा : वेगवेगळ्या देशांत तारखा वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात, त्या ओळखून एका साच्यात बसवायच्या. '३/४' म्हणजे कुठे तीन एप्रिल, तर कुठे चार मार्च. चेकवरच्या तारखांशी आयुष्यभर झगडलेल्या मला त्याची किंमत कोणी पटवून द्यायची गरज नव्हती. हा प्रोग्रॅम किती ठिकाणी वापरला जातो, हे तिलाही माहीत नाही. पण कुठे बिघडला, की मेल तिलाच येतो. नऊ वर्षं ती हे काम बिनपैशाने करत होती. दिवाळीतही रात्री लॅपटॉप उघडलेला असायचा. २०२४ च्या जानेवारीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, "आई, आता हे सगळं कोणाच्या तरी गळ्यात घालून मोकळं व्हावंसं वाटतंय. फॉसडेमला येतेस माझ्याबरोबर?"

तेव्हा ३ आणि ४ फेब्रुवारीला संमेलन होतं. आम्ही ७१ नंबरच्या बसने विद्यापीठाशी उतरलो. बस आपल्या लोकलची आठवण व्हावी इतकी भरलेली. मी पर्स उघडून तयारीत, की आता प्रवेशिका काढावी लागणार. मुलगी म्हणाली, "आई, प्रवेशिका नाही. नाव नोंदवायचं नाही. आत चल." गळ्यात अडकवायचा बिल्ला नाही, की दारावर रजिस्टर नाही. कोणीही यावं, कुठल्याही खोलीत बसावं. नोंदणीच नाही, त्यामुळे शिरगणतीही नाही. आठ हजारांवर माणसं येत असावीत, असा अदमास सांगतात, तेवढाच. खर्च भागतो तो काही कंपन्यांच्या मदतीतून आणि येणाऱ्यांच्या देणगीतून. देणगी दिली की हाती टी-शर्ट पडतो.

माझ्यातली कॅशियर सुरुवातीला अस्वस्थ झाली. हळूहळू मात्र या पसाऱ्यातली शिस्त दिसायला लागली. मोठी भाषणं भव्य सभागृहात, पण खरी गर्दी लहान वर्गांतून. एकेका विषयाच्या मंडळींना एकेक खोली दिलेली. वक्ते कोण, वेळ किती, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. आपल्या वारीत जशी दिंडी आपला स्वयंपाक, आपला मुक्काम, आपले टाळकरी सांभाळते आणि तरी सगळ्यांची वाट एकच असते, तसं काहीसं. खोली भरली, की दारावर 'भरली आहे' अशी पाटी लागते आणि दाराशी उभा असलेला स्वयंसेवक मग कोणाचीही गय करत नाही. दोन व्याख्यानांच्या दारांतून मीही परत फिरले. पण हळहळण्याचं कारण नाही. भाषणं स्वयंसेवकच चित्रित करतात आणि नंतर सगळ्यांना फुकट पाहायला ठेवतात.

साहित्य संमेलनांची सवय असलेल्या माणसाला इथे चुकल्याचुकल्यासारखं होतं. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, अध्यक्षांची मिरवणूक नाही. आपलं पहिलं ग्रंथकार संमेलन १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरलं, तेव्हा त्यातही लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांना भेटावं, हाच हेतू होता. फॉसडेम अजून त्याच टप्प्यावर रेंगाळलंय, आणि बहुधा मुद्दामच.

बाहेर बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि वॉफल यांच्या गाड्या. आम्ही डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आजूबाजूला दाढीवाले आजोबा, कॉलेजातली पोरं, आणि आई-बापाचा हात धरून आलेली लहान मुलंही. मुलांसाठी गेल्या काही वर्षांपासून वेगळे वर्ग भरतात. घरोघरच्या संगणकावर सिनेमा दाखवणारा तो नारिंगी शंकूवाला 'व्हीएलसी' प्लेअर आपण सगळे ओळखतो. तोही १९९६ साली पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला. पोरांनी रस्त्यावरचे शंकू गोळा करून आणले होते, तेच पुढे चिन्ह झालं.

दुपारी मुलीने मला एका लांबलचक बोळकांडीत नेलं. तिथे एक पोलिश गृहस्थ आणि एक पोर्तुगीज मुलगी तिची वाट पाहत होते. चार वर्षं तिघांनी एकाच प्रोग्रॅमवर काम केलेलं, एकमेकांच्या चुका काढलेल्या, क्वचित वादही घातलेले. पण तोंड एकमेकांचं पाहिलेलं नव्हतं. ओळख पटल्यावर मिठ्या झाल्या आणि तिघं तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. माझ्यासाठी कुठूनशी खुर्ची आली. तासाभराने ठरलं ते एवढंच : मुलीने सगळं सोडायचं नाही आणि सगळं एकटीने ओढायचंही नाही. तिघांनी चार-चार महिन्यांची पाळी लावून घ्यायची. जिची पाळी नाही, तिने त्या काळात मेलला उत्तरसुद्धा द्यायचं नाही. भिशीच्या बायका याहून काय वेगळं करतात?

मला वाटलं, हे तर मेलवरही ठरवता आलं असतं. मुलगी म्हणाली, "मेलवर मी थकलेय, हे कधी लिहिलंच नसतं."

या वाक्याचं वजन मला दोन महिन्यांनी कळलं. २९ मार्च २०२४ ला संगणकाच्या जगात मोठी खळबळ उडाली. 'एक्सझेड' नावाचा, फायली आकसून लहान करणारा एक साधा मुक्त प्रोग्रॅम आहे. लिनक्सच्या बहुतेक सगळ्या अवतारांत तो असतो. त्याच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरवाट ठेवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढी शंका आली आणि त्याने माग काढला, म्हणून संकट थोडक्यात टळलं. तो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं मुख्यतः एकटा माणूस सांभाळत होता, तेही फावल्या वेळात. 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून त्याचा विश्वास मिळवला. दुसरीकडून काही अनोळखी नावं 'काम फार सावकाश चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या' असा तगादा लावत राहिली. थकलेल्या माणसाने किल्ल्या दिल्या. त्या नावामागे कोण होतं, याचा जाहीर उलगडा काही झाला नाही.

आमच्या बँकेत पूर्वी नवीन खातं उघडायचं, तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. 'यांना मी ओळखतो' असं कोणीतरी लिहून द्यावं लागे. गंमत म्हणजे 'डेबियन' या १९९३ पासून चाललेल्या मुक्त प्रकल्पाने नेमकी हीच रीत उचलली. नवा सभासद यायचा, तर आधीच्या सभासदाने त्याला गाठून, कागदपत्रं पाहून, त्याच्या संगणकी किल्लीवर आपली सही करायची. अशा सह्यांसाठी संमेलनांत माणसं पासपोर्ट हातात धरून रांगेने उभी राहत. अर्थात ओळखीच्या सहीवर खातं उघडून बँकेला बुडवणारेही मी पाहिलेत. चेहरा पाहिला म्हणून मन कळत नाही. पण समोरचा माणूस थकलाय, हे तरी कळतं. आणि गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

म्हणूनच तिथे कोण आलं, याइतकंच कोण येऊ शकलं नाही, हेही महत्त्वाचं वाटतं. विद्यापीठाच्या दारात तिकीट नाही हे खरं, पण युरोपच्या दारात आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा हवा. त्याची फी तेव्हा ८० युरो होती, शिवाय बँकेची स्टेटमेंटं आणि विमानाचं भाडं. मी पाहिलेल्या खोल्यांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या. २०२१ आणि २०२२ मध्ये करोनामुळे संमेलन पडद्यावर भरलं, तेव्हा घरबसल्या कोणालाही ऐकता आलं. मात्र बोळकांडीतली बैठक पडद्यावर भरत नाही.

उपाय एकच, बोळकांड्या वाढवायच्या. डेबियनचं जागतिक संमेलन २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या कोचीला भरलं. बंगळूरला 'इंडियाफॉस' भरतं. पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 'ग्नूनिफाय' वर्षानुवर्षं चालवलं. संगणकावर मराठी अक्षरं नीट उमटावीत, म्हणून 'लोहित'सारखे मुक्त टंक ज्यांनी घडवले आणि पडद्यावरच्या सूचना ज्यांनी मराठीत आणल्या, तीही अशीच मंडळी. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या आपण त्यांची नावंदेखील विचारलेली नाहीत.

रविवारी संध्याकाळी शेवटचं भाषण संपलं, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी आवराआवरीला थांबावं, असं आवाहन झालं. पुष्कळजण थांबले. सकाळी व्याख्यान देणारे संध्याकाळी कचऱ्याच्या पिशव्या उचलत होते, आणि कोणी त्यांचे फोटो काढत नव्हतं.

त्या वर्षीच्या दिवाळीला मुलगी पुण्याला आली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिचा फोन दोनदा वाजला. तिने तो पाहिला आणि उलटा ठेवला. पाळी पोलंडची होती.