बंगळूरचं चायनीज: मंच्युरीपासून मापो टोफूपर्यंत

बंगळूरला निघालेला मराठी माणूस डोसा, बिसिबेळे भात आणि फिल्टर कॉफीची यादी खिशात घेऊनच निघतो. त्या मुक्कामातली एक संध्याकाळ चायनीजसाठी राखावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ‘चायनीज’ या एकाच पाटीखाली इथे निरनिराळ्या प्रांतांची स्वयंपाकघरं चालतात. आपण त्यातल्या कुठल्या घरात आलो आहोत हे ओळखलं, की काय मागवायचं तेही कळतं.

गाडीवरची गोबी

संध्याकाळी गाड्यांवर मिळते ती गोबी मंच्युरी. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश, पण या पदार्थाशी त्याचा काही संबंध नाही. पदार्थ आपल्या मुंबईतला. कोलकात्याचे नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि चिकन मंचुरियन तयार झालं. पुढे चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि कर्नाटकाने त्याला आपलंसं केलं.

खाताना रंगाकडे मात्र बघावं. कर्नाटक सरकारने तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये अपायकारक कृत्रिम रंग आढळले आणि मार्च २०२४ मध्ये असे रंग वापरण्यावर बंदी आली. त्याच सुमारास गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही मंचुरियनच्या गाड्यांविरुद्ध पाऊल उचललं. सोया सॉसमुळे चांगली गोबी तपकिरीच दिसते. लालभडक दिसली तर सरळ पुढची गाडी गाठावी.

हाक्का आणि कँटनीज

हाक्का नूडल्स आणि चिली चिकन ही कोलकात्याच्या टांगरा भागातल्या हाक्का या चिनी समाजाची देणगी. ती आपल्याला गावोगावी मिळते, त्यामुळे बंगळुरात त्यावर पोट भरू नये. कँटनीज पदार्थांना मसाला फार थोडा असतो: वाफवलेले डिमसम, आलं आणि पातीच्या कांद्यासोबत वाफवलेला मासा. मासा ताजा असेल तरच मागवावा. शाकाहारी मंडळींनी ऑयस्टर सॉसबद्दल आधीच विचारावं, तो कालवांचा असतो.

सिचुआन: तिरफळाची ओळख

माझा जीव अडकतो तो इथे. आपल्याकडचं ‘शेजवान’ म्हणजे सुक्या लाल मिरच्या आणि लसणाची चटणी. ती मलाही आवडते. पण सिचुआन प्रांताच्या चवीचा अर्धा भाग तिच्यात नसतोच. तो भाग म्हणजे जिभेला येणारी झिणझिणी, आणि ती येते हुआजिआओ म्हणजे सिचुआन पेपर नावाच्या फळाच्या टरफलातून.

कोकणातल्या माणसाला ती नवी वाटणार नाही. बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हुआजिआओच्याच प्रजातीतलं, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत झँथॉक्सिलम. दोन्हींचं टरफल वापरतात आणि काळी बी टाकून देतात. फरक हाताळणीचा. आपण तिरफळ ठेचून आमटीत सोडतो. सिचुआनमध्ये टरफल भाजून कुटतात किंवा गरम तेलात फुलवतात, आणि त्याला लाल मिरची व आंबवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची तिखट पेस्ट यांची जोड देतात. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही झिणझिणी मोजली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी भरली.

त्यामुळे इंदिरानगर किंवा कोरमंगलातल्या चिनी रेस्टॉरंटात मेन्यूवर मापो टोफू दिसला, तर वेटरला एकच प्रश्न विचारावा: यात सिचुआन पेपर घालता का? हो म्हणाला तर साध्या भाताबरोबर मागवावा. मूळ पदार्थ चंगडू शहरातला, आणि त्यात खिमा असतो. नको असेल तर तसं सांगावं. ओठ बधिर झाले तर घाबरू नये. तिखट सोसवत नसेल, तर मिरची घालून कोरड्या परतलेल्या फरसबीपासून सुरुवात करावी.

मोमो मात्र वेगळे

ब्रिगेड रोडच्या आसपास थुक्पा आणि मोमो मिळतात. त्यांना चायनीज म्हणू नये, ते तिबेटी स्वयंपाकघर आहे. त्याची पाळंमुळं कर्नाटकातच बघायची असतील, तर एक दिवस काढून कुशालनगरजवळच्या बैलकुप्प्याला जावं. म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिबेटी निर्वासितांची ही वसाहत उभी राहिली. नामड्रोलिंग मठ पाहून झाला की तिथल्या एखाद्या लहान खाणावळीत टिंगमो, म्हणजे पदर सुटणारा वाफवलेला पाव, रस्सेदार भाजीबरोबर मागवावा. तो गरम असतानाच संपवावा, गार झाला की चिवट होतो.