विद्यार्थ्याच्या वहीचे मुद्रण

लखनऊ शहरात १९२६ साली मॅरिस कॉलेज या नावाने जे संगीत-विद्यालय निघाले आणि जे आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते, त्याच्या स्थापनेत अग्रभागी असलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी, गुरुमुखातून मिळणारी विद्या कागदावरही टिकावी या हेतूने, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली आणि तारासाठी वर बिंदू, अशी थोडक्या चिन्हांत भागणारी स्वरलिपी प्रचारात आणली. ती लिपी ज्या वहीत उतरे, ती वही निःसंशय विद्यार्थ्याची असे. आंतरजालावरील अभ्यासक्रमांत ही साधी मालकीच संदिग्ध झाली आहे. कारण धड्याखालच्या चौकटीत लिहिलेला मजकूर संस्थेच्या दप्तरी जमा होतो, आणि मुदत सरून प्रवेश बंद झाला की स्वतःच्याच लेखनाची नक्कल हाती येणे दुरापास्त होते.

यावरची तजवीज म्हणजे त्या मजकुराची पीडीएफ करून ती विद्यार्थ्याला उतरवून घेऊ देणे. कळ दाबताच संगणक त्याच्या नावावरची उत्तरे काढतो, प्रश्नांसह आखीव साच्यात भरतो आणि पाने पाडून देतो. उत्तरासाठी ठरावीक उंचीची चौकट आखणारा साचा दीर्घ उत्तराचे शेपूट निमूटपणे छाटतो. तेवढी काळजी घेतली, तर इंग्रजी मजकुराचे काम येथे संपते. आपले संपत नाही.

१९९३ साली अवतरलेल्या आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या पीडीएफ या स्वरूपात प्रारंभी जे १४ टंक गृहीत धरले होते, त्यांत देवनागरी नव्हती; तेव्हा टंक फाइलीतच अंतर्भूत करावा लागतो. शिवाय ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकित होऊनही त्याच्या आधी उमटते आणि जोडाक्षरे आपले रूप पालटतात. ही जुळणी न जाणणारी आज्ञावली ‘स्थिती’ या शब्दाचे हलंत तुकडे करून ठेवते.

लिपीच्या अशा हट्टापुढे लखनऊ पूर्वीही नमले आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली येथे काढलेल्या छापखान्याने उर्दू-फारसी ग्रंथांसाठी शिळाछापाचा आश्रय केला, कारण उतरत्या ओळीची नस्तालिक लिपी खिळ्यांत सहज मावत नसे आणि कातिबाचे हस्ताक्षर दगडावरून जसेच्या तसे उठत असे. आजही पानाचे चित्र काढून ते पीडीएफमध्ये ठेवणारे चतुर लोक आहेत. डोळ्यांचे समाधान होते, परंतु त्या चित्रात शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याला यंत्र ते वाचून दाखवू शकत नाही. माझ्या मते ही निव्वळ पळवाट आहे. फाइलीत अक्षराचे रूप आणि त्याचा युनिकोड संकेत, दोन्ही परस्परांशी जोडलेले असले पाहिजेत.

भातखंडे-लिपीत ही कसोटी अधिकच कठोर होते. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांसाठी दिलेली अक्षराखालची आडवी आणि अक्षरावरची उभी रेघ कोमल-तीव्रासाठी सुखेनैव वापरता येते (वेदांची उसनवारी संगीताने करावी यात नवल ते काय!), परंतु टंकात ती चिन्हे नसतील तर त्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे रेघच गळून कोमल ऋषभाचा शुद्ध ऋषभ होतो आणि भैरवाचा भैरव राहत नाही. तारसप्तकाचा बिंदू अनुस्वार टंकून भागवण्याची चाल आहे. ती दिसायला निर्दोष असली, तरी ऐकवणारे यंत्र त्याचा ‘सां’च करणार.

सुरक्षेची बाब थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्याचा मजकूर साच्यात जाण्यापूर्वी त्यातील एचटीएमएलच्या खुणा निष्प्रभ कराव्या लागतात, अन्यथा एखादा खोडकर उत्तराच्या मिषाने मुद्रण करणाऱ्या यंत्राला संस्थेचीच अंतर्गत कागदपत्रे आणावयास लावील. तयार झालेली प्रतही ज्याची त्यालाच मिळावी. पत्ता ठाऊक असलेल्या कोणाही त्रयस्थाला ती उघडता येणे हा दप्तराचा भोंगळपणा होय.

आणि प्रत हाती आल्यावर विद्यार्थ्याने तीत एखादी ओळ शोधून, उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी. रेघा आणि वेलांट्या जागच्या जागी राहिल्या नाहीत, तर अभ्यासक्रमाची मुदत संपण्यापूर्वीच संस्थेकडे तक्रार नोंदवावी.