रीमॅप केलेली ऑक्टाव्हिया विकत घेताना

पनवेलच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये एमएच-46 पासिंगची ऑक्टाव्हिया आरएस 230 विकायला उभी होती. तिला ना मागे मोठा स्पॉयलर, ना काचेवर स्टिकर. सायलेन्सरही कंपनीचाच. मालकाने मात्र फोनवरच सांगून टाकलं होतं, "स्टेज वन केलीय." म्हणजे पार्ट सगळे मूळचे, फक्त इंजिनाच्या ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदललेलं. घेणाऱ्या तरुणाने जुन्या गाड्या तपासून देणारे एक मिस्त्री सोबत आणले होते. त्यांचं काम मी शेजारी उभा राहून पाहिलं.

ही गाडी 2017 साली साधारण 25 लाखांना आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद, 350 न्यूटन-मीटर टॉर्क. टर्बोचं तत्त्व सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ईसीयू ठरवतो. पेट्रोल हलकं निघालं, ऊन कडक असलं तरी इंजिन टिकावं म्हणून कंपनी इथे बरंच राखून ठेवते. रीमॅप करणारा त्या राखीव भागातून घेतो. म्हणून प्रश्न असा, की त्याने किती घेतलं आणि नंतर गाडी कशी सांभाळली गेली.

मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळवा टेकवला. इंजिन गार होतं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल तर ते तपासणी पुढे ढकलतात, कारण टायमिंग चेनचा खडखडाट गार इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो. इथे तो नव्हता. मग त्यांनी टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप सोडवला, आत बोट घालून दांडा हलवून पाहिला आणि बोटाला तेल किती लागलं ते उजेडात निरखलं. पुसटसा थर चालतो. ओघळ असेल तर टर्बोचं सील गेलं समजायचं.

नंतर चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तीन प्लगांचं पोर्सेलीन फिकट तपकिरी होतं. चौथ्याचं जरा पांढरट. मिस्त्रींनी भिंग काढलं. ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकत असेल, म्हणजे इंजिन नॉक होत असेल, तर पोर्सेलीनवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके आणि पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसतात. ठिपके नव्हते. "तरी हा सिलिंडर रस्त्यावर बघू," एवढंच ते म्हणाले.

स्कॅनर जोडल्यावर एकही फॉल्ट कोड आला नाही. मी निश्चिंत झालो, मिस्त्री झाले नाहीत. त्यांनी रेडिनेसचं पान उघडलं. कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि गाडी काही वेळा चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. इथे त्या पूर्ण होत्या. म्हणजे विकण्यासाठी काल-परवा काही पुसलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर किती वेळा टाकलं गेलं, याची मोजणीही ईसीयूत राहते. मूळ फाइल परत घातली तरी ती मागे जात नाही. फोक्सवॅगन समूहाच्या अधिकृत वर्कशॉपच्या यंत्रणेत असा बदल पकडला गेला, की गाडीच्या नावावर 'टीडी1' अशी नोंद पडते आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

मग कळंबोलीहून एक्स्प्रेसवेवर. तिसरा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि तासाला शंभरच्या मर्यादेत एकसारखा पाय. लॅपटॉपवर ईसीयूने मागितलेला बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, आणि मिळालेला बूस्ट या दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. चौथ्या सिलिंडरचं टायमिंग मात्र ईसीयू थोडं मागे ओढत होता. चारही सिलिंडर असे वागले असते तर पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला म्हटलं असतं. एकटाच वागतोय, म्हणून आधी प्लग आणि कॉइल बदलून पुन्हा लॉग घ्यायचा, असं ठरलं.

मालकाने बिलांची फाइल पुढे केली. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, सगळं तारखांसह. डीएसजी गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल तेवढं नव्हतं. यातले क्लच तेलात बुडालेले असतात, ते तेल 60,000 किलोमीटरला बदलावं लागतं. रीमॅपचा वाढीव टॉर्क सगळा याच क्लचवर येतो, म्हणून ही उणीव किमतीतून वजा झाली.

कायद्याची बाजूही उघड बोलावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत फेरफार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. बदल न कळवल्यास अपघातानंतर विमा कंपनीही दावा नाकारू शकते. मूळ फाइल परत घालून, ती घातल्याचं लिहून घेऊनच कागद नावावर करायचे, या अटीवर सौदा ठरला.

रस्त्यावरच्या लोकांना गाडी साधी दिसावी, ही हौस मी समजू शकतो. घेणाऱ्यापासून मात्र काहीच लपता कामा नये. या मालकाने पहिल्याच फोनवर खरं सांगितलं, बिलं जपली, कोड पुसले नाहीत. म्हणूनच पांढरट प्लग आणि न सापडलेलं बिल यांवर बसून बोलता आलं, त्यांचा हिशेब मांडता आला. जो मालक गाडीत काही केलंच नाही म्हणतो आणि ज्याच्या गाडीच्या स्कॅनमध्ये सगळ्या चाचण्या अपूर्ण दिसतात, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.