चहाच्या आधीचा तास

पहाटे ५.३०

उशाशी तांब्याभांडं आणि थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. ७५ मायक्रोग्रॅमची एक गोळी, साध्या पाण्याबरोबर. गोळ्या मी मूळ बाटलीतच ठेवते, कारण उजेड आणि दमट हवा त्यांना बाधते. यानंतर तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. सहाला स्वयंपाकघरात सासूबाई आलं ठेचतात, चहाचा वास घरभर फिरतो आणि त्या हमखास विचारतात, "अगं, घोटभर तरी घेतेस का?" नाही, आई. चहा, कॉफी, दूध यांमुळे हे औषध आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. रोज वेगळ्या प्रमाणात उतरलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, वरखाली होतो आणि डोस कमी पडतोय की पोचतच नाहीये, हे डॉक्टरांनाही कळत नाही. आहारात मी पहिल्यांदा बदलली ती वेळ. पदार्थ त्यानंतर बदलले.

सकाळी ६.००

गच्चीवर फेऱ्या. सुरुवातीला गुडघे कुरकुरतात, मग मोकळे होतात. थायरॉइड मंदावला की स्नायू आखडतात, सांधे ताठरतात, मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात. फळ्यावर लिहिताना हातातून खडू निसटायला लागला, तेव्हा मला वाटलं वय झालं. रक्ताच्या तपासणीत खरं कारण निघालं. आता साडेसहाचा चहा, अर्धा चमचा साखरेचा, आणि तो शांतपणे बसून.

सकाळी ८.३०

नाचणीची भाकरी. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून आधण ठेवून उकड काढायची आणि ती गरम असतानाच मळायची. कोमट झाली की भाकरी काठाला चिरते. मला मात्र या मळण्याचा दुहेरी फायदा होतो. आखडलेली बोटं त्या उबेत सुटतात, मूठ पूर्ण मिटते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी जास्त. भाकरीबरोबर मटकीची उसळ आणि दुधी किंवा दोडका. भात वाटीभरच.

भात कमी केला तो गुडघ्यांसाठी. वजन १ किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास ४ किलोंनी हलका होतो. थायरॉइडच्या माणसाचं वजन हट्टी असतं हे खरं, पण गोळीचा डोस बसल्यावर ते उतरतं. फार हळू उतरतं आणि तेवढंही पुरतं.

सकाळी ११.०० ते दुपारी १.३०

शाळा. तीन तासिका, दोन जिने. कठडा धरून चढते. मुलं वह्यांचा गठ्ठा आपणहून उचलतात.

दुपारी १.४५

मधली सुट्टी. शिक्षकखोलीत डबे उघडले की सल्लेही उघडतात. "बाई, कोबी? थायरॉइडला चालतो का?" चालतो. कोबी, फ्लॉवर कच्चे आणि रोज भरपूर खाल्ले तर ग्रंथीच्या कामात अडथळा येऊ शकतो. शिजवल्यावर ते घटक बरेच कमी होतात. आठवड्यातून एकदा केलेल्या कोबीच्या भाजीला घाबरायचं कारण नाही. हिवाळ्यातल्या बाजरीच्या भाकरीबद्दलही माझं हेच मत आहे.

मला जास्त काळजी वाटते ती सैंधवाची. हल्ली 'नैसर्गिक' म्हणून कित्येक घरांत रोजच्या स्वयंपाकाला सैंधव वापरतात आणि त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. आपल्याकडे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन दिलं तर गलगंड कमी होतो, हे दाखवून दिलं होतं. एवढ्या मेहनतीने घराघरांत पोचलेलं मीठ आपण हौसेने परत पाठवतोय, याचं मला वाईट वाटतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला त्याहून अधिक. उपासाच्या दिवशी सैंधव खुशाल वापरा. एरवी आयोडीनचंच मीठ हवं, तेही झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब.

माझा स्वतःचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली आहे, म्हणजे हाशिमोटो. त्यामुळे समुद्री शेवाळाच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर मी ठाम नाही म्हणते. जादा आयोडीनने हा आजार बिघडू शकतो.

संध्याकाळी ६.००

भाजलेले तीळ घातलेली चटणी, मूठभर फुटाणे, ताक. "आंबट खाऊ नकोस, सांधे धरतील," असं आई म्हणतात. साध्या ताकाने मला काही होत नाही, म्हणून मी पिते. लिंबू तर पालेभाजीवर पिळतेच, लोह अंगी लागावं म्हणून.

रात्री ८.००

मुगाची खिचडी किंवा अंडाकरी. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर, कारण थायरॉइडच्या गोळीपासून ती किमान ४ तास लांब हवी. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. सोयाबीनसुद्धा औषध शोषू देत नाही, म्हणून सोयाची भाजी केलीच तर रात्री.

रात्री १०.००

गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी, मग झोप.

गुडघे, मनगटं दुखतात, थकवा जात नाही आणि घरचे "वयच झालं" म्हणतात, अशा बायकांनी तेलं आणि पट्टे विकत घेण्याआधी टीएसएच तपासून घ्यावा. साधी रक्ताची तपासणी आहे. गोळी सुरू असलेल्यांनी नाचणीच्या किंवा आणखी कशाच्या भरवशावर ती बंद करू नये. डोस बदलल्याचा खरा परिणाम रिपोर्टमध्ये दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात, आणि तो बदलायचा डॉक्टरांनीच.