जाग येताना हृदय काय करतं?

पहाटे डोळे उघडतात आणि छातीत धडधड जाणवते. कधी एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि पाठोपाठ एक जोरकस दणका बसतो. क्षणापूर्वी तर आपण गाढ झोपेत होतो! मग हृदयाला एवढी घाई कशाची झाली?

खरं नवल उलटंच आहे. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते विश्रांतीतही मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक इवलासा पुंजका असतो आणि प्रत्येक ठोक्याचा विद्युत इशारा तिथून सुटतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्याला हा पुंजका पहिल्यांदा दिसला तो जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात. या पुंजक्याला मेंदूकडून येणारा व्हेगस मज्जातंतू लगाम घालून ठेवतो, म्हणून आपली नाडी ६०-७० वर राहते. गाढ झोपेत हा लगाम आणखी आवळला जातो. कसलेल्या धावपटूंची नाडी तर झोपेत ४०च्याही खाली उतरते.

लगाम नेमका घातला जातो कसा, हे कोडं सुटलं तेही झोपेतून जाग आल्यावर. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांना रात्री एक कल्पना सुचली. अर्धवट झोपेत त्यांनी ती कागदावर खरडली, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस त्यांनी उत्तेजित केला, तसं ते हृदय मंदावलं. त्यातलं द्रावण दुसऱ्या हृदयात घातलं, तर तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतू रसायन सोडून हृदयाशी बोलतो. ते रसायन ॲसिटिलकोलिन. याच शोधकार्यासाठी १९३६ साली लोवी आणि याच विषयावर काम करणारे हेन्री डेल यांना नोबेल मिळालं.

जाग येते तेव्हा हाच लगाम झपाट्याने सैल होतो आणि ॲड्रेनलिनचा जोर वाढतो. त्यात जाग स्वप्नातून आली तर विचारूच नका. स्वप्नांच्या झोपेत हातपाय जवळजवळ लुळे पडलेले असतात, पण नाडी आणि श्वास मात्र वरखाली होत असतात. या झोपेचे लांब टप्पे रात्रीच्या शेवटच्या प्रहरात येतात, म्हणून पहाटेची जाग बरेचदा त्यांच्यातूनच येते. स्वप्न विसरून जातं, धडधड तेवढी उरते. उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं कॉर्टिसॉलही चांगलंच वाढतं.

चुकलेल्या ठोक्याची गंमत तर मला सर्वांत आवडते, कारण तो चुकलेला नसतोच. हृदयाचा एखादा भाग पुंजक्याच्या आधीच इशारा देतो आणि एक ठोका वेळेपूर्वी पडतो. तो इतका दुबळा असतो की जाणवत नाही. मग हृदय थोडं थांबतं. त्या जादा वेळात खालच्या कप्प्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका ते सगळं जोराने बाहेर लोटतो. आपल्याला कळतात ते मधलं रितेपण आणि नंतरचा दणका. असे ठोके निरोगी माणसांतही सर्रास पडतात. मंद नाडीत दोन ठोक्यांमधलं अंतर मोठं असतं, म्हणून त्यांना वावही मिळतो. डाव्या कुशीवर झोपल्यास हृदयाचं टोक छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि सगळं अधिक स्पष्ट जाणवतं.

काही कारणं मात्र शोधायलाच हवीत. जोरात घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडकत असेल, तर प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा करतो आणि हृदय धावू लागतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर ठोक्यांची लयच बिघडू शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्री उतरली तर घाम आणि धडधडीने जाग येते. रात्री घेतलेली दारू, ॲनिमिया, वाढलेलं थायरॉइड, रजोनिवृत्तीचा काळ, झोपेतच उसळणारा पॅनिक अटॅक हेही पाहावं लागतं. धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली किंवा शुद्ध हरपली, तर तडक हॉस्पिटल गाठावं. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर साध्या धडधडीसाठीही डॉक्टरांना दाखवावं.

अडचण अशी की दुपारी दवाखान्यात ईसीजी काढला तर तो अगदी नॉर्मल येतो. त्यासाठी अंगावर बाळगून हृदयाची सतत नोंद घेणारा होल्टर असतो. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वागवावं लागे आणि त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं. आज छातीवर चिकटवलेली पट्टीही ते काम करते. रुग्णाने धडधडीची वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरांनी त्याच मिनिटाची नोंद उघडायची. कधी तिथे उपचार लागणारी बिघडलेली लय सापडते. कधी दोन-चार अवेळी ठोके दिसतात. आणि कितीतरी वेळा त्या मिनिटाला हृदय बिनचूक लयीत चालत असतं. शांत खोलीत, दुसरा कसलाच आवाज नसताना, माणसाला ते फक्त ऐकू आलेलं असतं.