मॉनिटर ते कर्मवीर : समानुभूती आणि सर्जनशील विचार नेतृत्वाला का हवेत?



डी.एड.ला असताना जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवन कौशल्ये आपण सगळ्यांनी पाठ केली होती. त्यात 'समानुभूती' आणि 'सर्जनशील विचार' ही दोन नावं होती. मीही व्याख्या लिहून गुण मिळवले. पण या दोन्हींचा नेतृत्वाशी काय संबंध आहे, हे मला कळलं ते मागच्या गळीत हंगामात, माझ्याच चौथीच्या वर्गात.

आमचा इस्लामपूरचा भाग उसाचा. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, रानात खोपी पडतात आणि शाळेत चार-सहा नवी मुलं बसू लागतात. त्यातली एक मुलगी रोज अर्धा तास उशिरा यायची, तेही कडेवर धाकट्या भावाला घेऊन. दोन दिवस मी समजावलं. तिसऱ्या दिवशी आवाज चढवला, "उद्या उशीर झाला तर बाहेर उभं राहायचं." चौथ्या दिवशी ती आलीच नाही.

मी हजेरी घेत होते. गणितात जेमतेम असलेला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तिची आई पहाटंच फडात जाती. पाणी तीच भरती, भांडी तीच घासती. धाकट्याला खोपीत एकटं कसं सोडंल?" मग जरा थांबून म्हणाला, "गोष्टीचा तास तुम्ही पहिलाच घेता. तो शेवटी घ्या की. आन् धाकट्याला अंगणवाडीत मी सोडून येतो."

तो मुलगा रोज त्या खोपींवरूनच शाळेत यायचा. मी बारा वर्षं शिकवतेय, पण वेळापत्रक बदलता येतं हे मला सुचलं नव्हतं. संध्याकाळी त्याच्याबरोबर मी खोपीवर गेले, त्या मुलीची समजूत काढली. अंगणवाडीच्या ताईंशी बोलले. दोन दिवसांनी ती परत आली.

आता बघा, त्या मुलानं काय केलं? आधी तो तिच्या जागी उभा राहिला. तिची अडचण नेमकी कुठं आहे ते त्यानं ओळखलं. ही समानुभूती. मग 'नियम आहे' म्हणून न थांबता त्यानं वेगळी वाट शोधली. हा सर्जनशील विचार. वर्गाचा मॉनिटर मात्र दुसराच होता, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा!

आपल्याच तालुक्यातलं मोठं उदाहरण

कर्मवीर भाऊराव पाटील यांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आपल्या वाळवा तालुक्यातलंच. जन्म कुंभोजचा, २२ सप्टेंबर १८८७. 'रयत'चे संस्थापक म्हणून अण्णांना सगळे ओळखतात. पण त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत होते, हे मुलांना आपण फारसं सांगत नाही.

या नांगराची गोष्टही शिकण्यासारखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा सुरुवातीला तो खपेना. वस्तू चांगली होती. पण लोखंडानं जमिनीत विष भिनेल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. त्याचं सगळं जगणंच त्या जमिनीवर, मग तो धोका का पत्करेल? १९१० मध्ये औंध संस्थानच्या मदतीनं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं हाच नांगर महाराष्ट्रभर गेला. शेती बदलत होती, पण नवं यंत्र कारखान्यातून शेतापर्यंत पोचायचं तर शेतकऱ्याची भीती आधी समजून घ्यावी लागत होती.

अशा काळात अण्णा खेड्यापाड्यांत हिंडले. नांगर विकणाऱ्याला समोरच्याचं ऐकून घ्यावंच लागतं. मला वाटतं, ही सवय त्यांना शाळा काढतानाही उपयोगी पडली असणार. 'खेड्यातल्या पोरांना शिकायची आवडच नाही' असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. अण्णांना खरी कारणं दिसली. गावात शाळा नाही, शहरात राहायला जागा नाही, घरात दाणा नाही, आणि सगळ्यात मोठी आडकाठी जातीची.

१९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पैसे नाहीत तर मुलांनी कष्ट करून शिकावं, ही कल्पना 'कमवा आणि शिका' म्हणून पुढं महाविद्यालयापर्यंत गेली. शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केलं. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे मुलांच्या वहिनींनी, आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. अण्णांना मुलांची नुसती दया आली असती, तर त्यांनी दोन-चार पोरांची फी भरली असती आणि विषय संपला असता. त्यांनी अडचण नीट समजून घेतली, म्हणून उपायही त्या अडचणीला बसेल असा निघाला.

आज याची गरज का वाढली?

आपल्या रानातच बघा. जिथं कोयता चालायचा तिथं ऊसतोडणी यंत्र आलंय. भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतोय. हिशेब, पत्रव्यवहार, भाषांतर ही कामं मोबाईल करतोय. आपल्या वर्गातली मुलं पंधरा-वीस वर्षांनी कारखान्यात, दूध संस्थेत, ग्रामपंचायतीत किंवा स्वतःच्या धंद्यात निर्णय घेत असतील. यंत्र किती टन ऊस तोडेल, हे कुणीही काढून देईल. पण ते आल्यावर टोळीतल्या कुटुंबांनी काय करायचं, त्यांना दुसरं कोणतं काम शिकवता येईल, लहान तुकड्यात यंत्र वळत नाही तिथल्या शेतकऱ्याचं काय, हे प्रश्न माणसालाच पडावे लागतात. ते ज्याला पडत नाहीत त्याच्या हाती कारभार गेला, तर नुकसान गरिबाचं होतं.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात उद्योगांनी महत्त्वाच्या मानलेल्या कौशल्यांत सर्जनशील विचार, नेतृत्व आणि समानुभूतीनं ऐकून घेणं ही तिन्ही आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही करुणा, समानुभूती आणि सर्जनशील कल्पनाशक्ती असलेला माणूस घडवणं हा शिक्षणाचा हेतू सांगितलाय. म्हणजे हा काही फावल्या वेळेतला उपक्रम नव्हे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. मॉनिटरचं काम बदला. दर आठवड्याला नवा मॉनिटर नेमा. कोण बोललं याची नावं लिहिण्याऐवजी 'आज कुणाला काय अडचण आली आणि आपण काय केलं' हे त्यानं परिपाठात सांगावं. शांत मुलांनाही संधी मिळते.

२. एक अडचण, पाच उपाय. 'मधल्या सुट्टीत नळावर गर्दी होते' यासारखा शाळेतलाच प्रश्न द्या. पाच उपाय निघाल्यावर एकच विचारा, 'या उपायानं कुणाची गैरसोय होईल?' पहिलीतली लहान मुलं, पायानं अधू मूल, सगळे डोळ्यांसमोर येऊ द्या.

३. शिक्षेआधी 'का?' विचारा. हे मी स्वतःला बजावते. उशीर, अपुरा गृहपाठ, गैरहजेरी या प्रत्येकामागं काहीतरी कारण असतं. आपण ते विचारतो हे मुलं बघतात आणि तसंच वागायला शिकतात.

४. पालकांसाठी : बाजारात, दवाखान्यात, बँकेत मुलांना बरोबर न्या. घरी आल्यावर 'तू त्या काउंटरवर असतास तर रांगेतल्या आजींसाठी काय केलं असतंस?' असं विचारा. उत्तर चुकीचं वाटलं तरी लगेच दुरुस्त करू नका. निबंधापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं एका तासात दिसत नाही आणि प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाही, म्हणून आपण मागं ठेवतो. अभ्यासक्रम पुरा करायची घाई मलाही असते. तरी आठवड्याला वीस मिनिटं निघतात, हे अनुभवानं सांगते.

मार्चमध्ये कारखाने बंद झाले आणि ती मुलगी गावी गेली. तिचं शिक्षण हमी कार्ड भरून मी तिच्या आईच्या हातात दिलं, पुढच्या शाळेत दाखवायला सांगितलं. ट्रॅक्टरवर बसताना तिनं भावाचा हात धरून त्याच्याकडूनही मला टाटा करून घेतला. यंदा दिवाळीनंतर नवी टोळी येईल. गोष्टीचा तास मात्र आता आमच्या वर्गात कायमचाच शेवटी आहे.