ब्राउझरविना वेबसाइटची तपासणी : उपयोग आणि मर्यादा

आज किराणा दुकानदारापासून कारखानदारापर्यंत अनेकांचा व्यवहार वेबसाइटवर चालतो. ग्राहक माल निवडतो, किती नग हवेत ते लिहितो, बटण दाबतो आणि रक्कम पडद्यावर येते. हा हिशेब करणारा प्रोग्राम बहुधा जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेला असतो. त्यातली एक ओळ चुकली तरी ग्राहकाला चुकीची रक्कम दिसते किंवा ऑर्डर अर्धवट राहते. नुकसान अर्थातच दुकानदाराचे होते. म्हणून प्रोग्राममध्ये लहानसा बदल केला तरी तो पुन्हा तपासावा लागतो. ही तपासणी आता बऱ्याचदा ब्राउझर न उघडताच केली जाते. ती कशी होते आणि तिच्यावर किती विसंबावे, हे वेबसाइट करून घेणाऱ्यानेही जाणून घेणे फायद्याचे आहे.

अडचण काय होती?

जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली, ती ब्राउझरमध्ये चालावी म्हणून. पुढे २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस आणले आणि ही भाषा ब्राउझरबाहेरही सोयीने चालवता येऊ लागली. परंतु तेथे पानच नसते. 'पानावरचे ऑर्डरचे बटण शोध' असे प्रोग्रामने म्हटले की काम तिथेच अडते. दुसरीकडे, दरवेळी ब्राउझर उघडून हाताने शंभर प्रकारे फॉर्म भरून पाहणे कोणालाच परवडत नाही.

नकली पानाची युक्ती

यावर उपाय म्हणून २०१० च्या सुमारास जेएसडॉम हे साधन पुढे आले. ब्राउझर पान उघडतो तेव्हा त्यातील शीर्षक, रकाने, बटणे यांची एक वंशावळीसारखी रचना मनात मांडतो. तिला डॉम म्हणतात. तिचे पहिले प्रमाणित नियम १९९८ मध्ये ठरले. जेएसडॉम हीच रचना संगणकाच्या स्मृतीत उभी करते. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण प्रोग्रामला मात्र आपण ब्राउझरमध्येच आहोत असे वाटते.

समजा, साबणाची वडी ४० रुपयांची आहे. चाचणी नकली पान तयार करते, नगांच्या रकान्यात ३ लिहिते, बटण दाबल्याचा इशारा देते आणि एकूण रकमेचा रकाना वाचते. तेथे १२० असेल तर चाचणी पास, नसेल तर नापास. नग शून्य लिहिले तर, रकाना कोरा ठेवला तर, सवलत लावली तर, अशा कितीतरी चाचण्या थोड्या वेळात आटोपतात.

कुठे फसगत होते?

शिंपी सदरा पुतळ्यावर चढवून पाहतो. खांदा, कॉलर, लांबी तेथे कळते. पण गिऱ्हाइकाने हात वर केल्यावर काखेत ओढ बसेल का, हे पुतळा सांगत नाही. जेएसडॉमचेही तसेच आहे. ती पानाची मांडणी करत नाही. कोणती वस्तू किती रुंद, कोठे आणि कशाखाली आहे, हे तिला ठाऊक नसते. बटणाची रुंदी विचारली तर उत्तर शून्य येते.

आता मोबाइलच्या लहान पडद्यावर जाहिरातीची पट्टी ऑर्डरच्या बटणावर आली आहे असे समजा. जेएसडॉममध्ये इशारा थेट बटणाला मिळतो आणि चाचणी पास होते. ग्राहकाचे बोट मात्र जाहिरातीवर पडते. तपासणीचा अहवाल स्वच्छ असतो, विक्री मात्र होत नाही.

आणखी एक गोष्ट. ब्राउझरमधल्या ज्या सोयी जेएसडॉममध्ये नाहीत, त्यांच्या जागी प्रोग्रामर स्वतःच ठरावीक उत्तरे बसवतात. अशी उत्तरे वाढत गेली की चाचणी खऱ्या व्यवहाराची राहत नाही, आपणच बसवलेल्या उत्तरांची होते.

मग खरा ब्राउझर कधी?

२०१७ मध्ये क्रोम ब्राउझरला पडद्याविना चालण्याची सोय मिळाली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट हे साधन आणले. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि सफारीचे इंजिन असलेले वेबकिट यांना चालवून घेते. येथे पानाची मांडणी खरोखर होते. बटण दाबण्यापूर्वी ते झाकलेले तर नाही ना, हेही प्लेराइट पाहते. वर सांगितलेली जाहिरातीची पट्टी येथे पकडली जाते. मात्र अशा चाचण्यांना वेळ जास्त लागतो आणि संगणकावर भारही जास्त पडतो.

म्हणून जाणकार प्रोग्रामर दोन्हींचा मेळ घालतात. हिशेब आणि नियम यांच्या पुष्कळ चाचण्या नकली पानावर आणि माल निवडण्यापासून पैसे भरण्यापर्यंतच्या मोजक्या चाचण्या खऱ्या ब्राउझरमध्ये.

वेबसाइट करून घेणाऱ्या बांधवांनी काम ताब्यात घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कोणत्या चाचण्या नकली पानावर झाल्या? ऑर्डर आणि पैसे भरण्याचा मार्ग कोणकोणत्या खऱ्या ब्राउझरमध्ये तपासला? कोणत्या ठिकाणी ठरावीक उत्तरे बसवली आहेत? उत्तरे लेखी घ्यावीत. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एका साध्या, स्वस्त मोबाइलवरून स्वतःच्या बोटाने एक ऑर्डर नोंदवून पाहावी.